खरेदीखताच्या आडची सावकारी

कर्जापायीं शेतकऱ्याची जमीन दोन वाटांनीं जाते. एक वाट उघड आहे: जप्तीची नोटीस, जाहीरनामा व लिलाव. दुसरी झांकलेली आहे: दुय्यम निबंधकाच्या कचेरींत रीतसर नोंदलेलें खरेदीखत, ज्याच्या पोटांत खरेदी मुळींच नसून व्याजानें घेतलेले पैसे असतात. पहिल्या वाटेविषयीं आपल्या नाशिक जिल्ह्यांत अलीकडे पुष्कळ बोलणें झालें. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेनें थकबाकीपायीं काढलेल्या लिलावांविरुद्ध २०२३ सालीं मोर्चे निघाले व धरणीं धरलीं गेलीं. दुसऱ्या वाटेविषयीं मात्र चारचौघांत कोणी बोलत नाहीं, कारण बोलल्यानें अब्रू जाते अशी समजूत आहे. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत फेरफाराचे कागद हाताळण्यांत गेली. त्या अनुभवावरून जें मत बनलें आहे तें वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

हा रोग नवा नाहीं. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें, आणि त्या युद्धानें चढलेले कापसाचे भाव उतरले. पाठोपाठ फेरपाहणींत सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतु ऋणकोच्या सोयीचा होता. परंतु परिणाम असा झाला कीं, दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची चाल पडली. अखेर १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें दंगा उसळला व तो पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता. रोखे व खतें हिसकावून घेऊन जाळलीं गेलीं.

सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, व त्यांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा निघाला. तो आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. नाशिकचा त्यांत समावेश नव्हता. त्याचें तत्त्व आजही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कोर्टानें नुसता रोखा पाहून हुकूमनामा देऊं नये. व्यवहाराच्या मुळाशीं जाऊन मुद्दल किती, व्याज किती व फेड किती याचा हिशेब घ्यावा. कर्जापायीं शेतकऱ्यास कैदेंत टाकूं नये. आणि जी जमीन स्पष्टपणें तारण लिहून दिलेली नाहीं ती साध्या देण्यासाठीं विकूं नये.

कायदा चांगला होता. पण सावकारही कायदा वाचीत होता. गहाणाचा हिशेब कोर्ट उकरून काढतें असें दिसतांच त्यानें गहाणखत सोडलें व खरेदीखत धरलें. कागदावर कायम विक्री, आणि तोंडानें ‘पैसे दे, जमीन परत घे’ असें वचन. पुढें १९२९ सालीं मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यांत अशी दुरुस्ती झाली कीं, जमीन परत देण्याची अट त्याच दस्तांत लिहिलेली नसेल तर तो व्यवहार शर्तीच्या विक्रीचें गहाण मानूं नये. दस्ताची स्वच्छता राखण्यास हा नियम योग्य असेलही. परंतु तोंडी वचनावर विसंबणाऱ्या कुणब्याच्या हातून त्यामुळें मोठें साधन गेलें.

महाराष्ट्रांत आज लागू असलेला २०१४ चा सावकारी नियमन कायदा या ठिकाणीं खरोखर उपयोगी आहे. विनापरवाना सावकारी करणारास पांच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा त्यांत सांगितली आहे. परवानाधारक सावकारानें शेतकऱ्यास तारणी कर्ज दिल्यास वर्षास शेंकडा ९ व बिनतारणी दिल्यास शेंकडा १२ याहून अधिक व्याज घेतां येत नाहीं. मुदलाहून अधिक व्याज वसूल करूं नये, हें आपलें जुनें दामदुपटीचें तत्त्वही त्यांत आहे. सर्वांत महत्त्वाचें तें १८ वें कलम. कर्जाचें तारण म्हणून गेल्या १५ वर्षांत सावकाराकडे गेलेली स्थावर मिळकत, मग ती खरेदीखतानें गेलेली असो वा अन्य कोणत्याही दस्तानें, सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक चौकशी करून मूळ मालकास परत देववूं शकतात. म्हणजे १८७९ चें तत्त्व पुन्हा उभें राहिलें आहे: दस्ताचें नांव न पाहतां व्यवहाराचें स्वरूप पाहावें.

मग अडतें कोठें? अडतें तें पुराव्यापाशीं. फेरफार मंजूर करणारा अधिकारी नोंदलेला दस्त पाहतो. दस्तामागचा व्यवहार पाहण्याचें काम त्याचें नाहीं. नोटीस निघते, हरकतीची १५ दिवसांची मुदत जाते, आणि खातेदार ‘ही नोंद नांवापुरती आहे’ या समजुतीनें स्वस्थ बसतो. सात-बारावरून नांव कमी होतें. चारपांच वर्षांनीं कांदा वा द्राक्षें बुडाल्यावर व्याज थकतें व सावकार जमिनीवर उभा राहतो. त्या वेळीं शेतकऱ्याजवळ ना चिठ्ठी, ना साक्षीदार, ना पावती.

सरकारचा दुसरा उपाय कर्जमाफीचा. २००८ सालीं केंद्र सरकारनें, आणि २०१७ व २०१९ सालीं राज्य सरकारनें माफी जाहीर केली. २०१७ ची मर्यादा दीड लाखांची व २०१९ ची दोन लाखांची होती. ज्यांस ती मिळाली त्यांचा भार हलका झाला, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु या माफ्या बँकांच्या व सोसायट्यांच्या कर्जास होत्या. २०१५ सालीं सावकारी कर्ज माफ करण्याचें ठरलें, तें केवळ परवानाधारक सावकारांचें व विदर्भ-मराठवाड्यापुरतें. खरेदीखताखालीं दडलेलें कर्ज कोणत्याच यादींत येत नाहीं. जें कर्ज कागदावर नाहीं तें माफ तरी कसें व्हावें?

तर मग बँकांची वसुलीच थांबवावी काय? माझें मत तसें नाहीं. मध्यवर्ती बँकेंतील ठेवीही बहुतांशीं आपल्याच गांवकऱ्यांच्या आहेत. वसुली बुडाली कीं सोसायटीचें पीककर्ज बंद पडतें, आणि पीककर्ज बंद पडलें कीं पेरणीच्या तोंडावर शेतकरी सावकाराच्याच ओट्यावर जातो. उघड वाट व झांकलेली वाट येथें एकमेकींस मिळतात. १९३३ सालीं मोठ्या मंदींत अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यानें घरें व शेतें लिलावांतून सोडविण्याची मुदत वाढविण्याचा कायदा केला. त्यानें देणें माफ केलें नाहीं. वाढीव मुदतींत ताबेदारानें वाजवी भाडें भरावें, अशी अटही घातली. १९३४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा ग्राह्य धरला. धनकोचा हक्क राखून ऋणकोस उसंत देण्याचा हा मार्ग आपणांसही अनुकरणीय आहे. नैसर्गिक आपत्तीनें थकलेल्यास हप्ते पाडून द्यावेत; पैसे असून न देणारा, मग तो कितीही वजनदार असो, त्यास सवलत नसावी; आणि देण्यापुरतीच जमीन विकावी, सबंध गट नव्हे.

सरकारास एक सूचना करावीशी वाटते. खरेदीखतांतील किंमत सरकारी मूल्यदराहून फारच कमी असेल आणि जमीन विक्रीनंतरही विकणाराच कसत असेल, तर अशा फेरफाराची प्रत जिल्हा उपनिबंधकाकडे आपोआप जावी. अर्ज येण्याची वाट पाहूं नये. भ्यालेला मनुष्य अर्ज करीत नसतो.

आणि वाचकांस विनंती. कर्जासाठीं खरेदीखत लिहून देऊं नये. ‘नांवापुरतें’ असें खत कायद्यांत नाहीं. ज्यांनीं पूर्वीं दिलें असेल त्यांनीं बाजार समितीच्या पट्ट्या, खताबियाण्यांच्या पावत्या, पंपाचीं वीजबिलें व बँकेचें खातेपुस्तक जपून ठेवावें. जमीन आपणच कसतों व व्याज आपणच भरतों हें त्यांवरून दाखवितां येतें. पंधरा वर्षांची मुदत संपण्याआधीं जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी अर्ज करून पोंच घ्यावी. ज्यांची जमीन सहकारी वसुलींत लिलावांत गेली त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, विक्रीपासून ३० दिवसांच्या आंत देणें व खरेदीदारासाठीं किंमतीच्या शेंकडा ५ रक्कम भरल्यास विक्री रद्द करून मागतां येते. हे तीस दिवस रडण्यांत घालवूं नयेत. भाऊबंदांनीं व सोसायटीच्या पंचांनीं त्या अवधींत त्या घरामागें उभें राहावें.