सुई घरी, जबाबदारी कोणाची?

अपत्यहीनतेचा दोष आपल्या समाजात आजही प्रथम स्त्रीच्या माथी मारला जातो. त्यावरील उपचार मात्र आता घरापर्यंत पोहोचले आहेत. बीजकोशाला चालना देणारी इंजेक्शने बहुधा आठ-दहा दिवस रोज टोचावी लागतात. रिसोड किंवा मानोरा तालुक्यातील दांपत्याने त्यासाठी रोज अकोला गाठावयाचे, तर प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांचा भार मूळ खर्चावर चढतो. घरी सुई घेण्यामागील हिशेब म्हणूनच रास्त आहे. मधुमेही रुग्ण इन्शुलिन घरीच घेतात.

तथापि बचतीच्या या हिशेबात धोक्याची बाजूही मांडली पाहिजे. यातील अनेक औषधे २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागतात; काही २५ अंशांपर्यंत टिकतात. वाशीम जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेथे फडताळात ठेवलेले महागडे औषध निकामी होऊ शकते. बर्फाच्या कप्प्यात गोठले तरी तीच गत. शेवटच्या इंजेक्शनची वेळ तर तासाने मोजलेली असते. स्त्रीबीज काढावयाचे असल्यास ते साधारण ३४ ते ३६ तास आधी द्यावे लागते. ती वेळ चुकली, की सारा खर्च वाया जाण्याची भीती असते. राहिलेली मात्रा दुप्पट करून भरून काढणे हेही चूक. अशा वेळी डॉक्टरांनाच विचारले पाहिजे. पोट झपाट्याने फुगणे, सतत उलट्या, लघवी कमी होणे, धाप लागणे ही बीजकोश अतिउत्तेजित झाल्याची लक्षणे असू शकतात. त्यांत सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. सुई घरी घेतली तरी ठरलेली सोनोग्राफी टळत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा हिचा जन्म झाला. त्यानंतर हे शास्त्र तालुक्याच्या घराघरांत आले. त्याची शिस्त मात्र त्याच वेगाने आली नाही. २०२१ च्या कायद्याने उपचारांतील धोके समजावून सांगण्याचे बंधन प्रजनन-केंद्रांवर घातले आहे. इंग्रजी कागदावर सही घेतल्याने ते पुरे होत नाही. पहिली सुई परिचारिकेने समक्ष टोचून दाखवावी. मात्रा, वेळ व साठवण मराठीत लिहून द्यावी. रात्री उचलला जाईल असा दूरध्वनी क्रमांक द्यावा. एकदा वापरलेली सुई पुन्हा वापरू नये. ती जाड डब्यात साठवून दवाखान्याने परत घ्यावी, म्हणजे ती सफाई कामगाराच्या हातात रुतणार नाही.

या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. त्या टाळून होणारी काटकसर ही दवाखान्याची असते. तिची किंमत मात्र त्या स्त्रीला मोजावी लागते.