रमाबाईंचा वाद शास्त्रप्रामाण्याचा होता



पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराकडे मराठीत बहुधा पुण्यातील सनातन्यांना दिलेले उत्तर म्हणून किंवा मिशनऱ्यांच्या प्रभावाचे फळ म्हणून पाहिले जाते. या दोन्ही मांडण्यांत हे सुटून जाते की २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर दोन वर्षांच्या आतच त्यांनी आश्रयदात्या मठवासिनींशी ख्रिस्ती धर्माच्या गाभ्यावरच वाद मांडला होता.

वाद होता त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच परमेश्वर आहे या सिद्धांताचा. अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचे सूत्रबद्ध निवेदन, तिघांपैकी प्रत्येकाला अनादी म्हणतो, लगेच अनादी तीन नसून एकच असल्याचे बजावतो आणि हे न मानणाऱ्याला तारण नाही असेही सांगतो. जे बायबलमध्ये स्पष्ट सांगितलेले नाही, ते न मानल्याने कोणी ख्रिस्ती ठरत नाही असे कसे, हा रमाबाईंचा प्रश्न होता. शास्त्राचा अर्थ चर्चच्या परंपरेने लावायचा आणि नवदीक्षिताने तो नम्रपणे स्वीकारायचा, ही त्या मठवासिनींपैकी सिस्टर जेराल्डिन यांची भूमिका होती. पुरोहितवर्गाचे एक जोखड महत्प्रयासाने उतरवल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेण्यास रमाबाईंनी १८८५ मधील पत्रात साफ नकार दिला.

याला उद्धटपणा म्हणणे अन्यायाचे आहे. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुतीच प्रबळ मानावी, हा मीमांसेचा नियम. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या ज्या कन्येला भागवत मुखोद्गत होते, तिने बायबलला श्रुतीचे आणि मतांगीकाराला स्मृतीचे स्थान द्यावे, यात नवल नाही. मात्र जेराल्डिन यांची बाजूही पोकळ नव्हती, कारण बायबलमध्ये कोणते ग्रंथ मोडतात हे बायबल स्वतः सांगत नाही. आजही पुण्यातच बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत ६६ ग्रंथांचे प्रॉटेस्टंट बायबल प्रमाण आहे, तर नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठात ७३ ग्रंथांचे कॅथलिक बायबल. मृतांसाठी प्रार्थना करण्याला कॅथलिक ज्या मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा आधार देतात, तो पहिल्या यादीत नाहीच. यादी परंपरेने ठरवली असेल तर परंपरेला पूर्णपणे बाजूला सारता येत नाही, ही रमाबाईंच्या भूमिकेतील खरी अडचण आहे आणि तिची चर्चा मराठीत व्हायला हवी.

पुढे रमाबाईंची श्रद्धा सुवार्तिक वळणाची झाली, म्हणजे ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या वैयक्तिक तारणावर भर देणारी झाली, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु शास्त्र वाचणाऱ्याच्या हाती असावे, हा आग्रह सुटला नाही. त्यासाठी हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल खेड्यातील स्त्रीला कळेल अशा मराठीत आणले, केडगावच्या त्यांच्याच मुक्ती मिशनमधील स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. वाँटेजचा पत्रव्यवहार आणि केडगावचे भाषांतर ही एकाच वादाची दोन टोके आहेत.

हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये राज्याच्याच साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला होता. त्याच मंडळाने आता त्याची सटीप मराठी आवृत्ती काढावी आणि तीत त्रैक्य, मतांगीकार, ग्रंथप्रामाण्य या संज्ञांवरील टिपा प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही पंथांच्या अभ्यासकांकडून लिहून घ्याव्यात.

एक वाचक, पुणे