एक प्रवास, दोन तिकिटं, जबाबदारी कुणाचीच नाही

युरोपात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांकडे महिनाभर राहून आलेले आईवडील भेटले, की गाड्यांचं तोंडभरून कौतुक करतात. पाठोपाठ तक्रारही ठरलेली: एका देशातून दुसऱ्या देशात जायचं तिकीट काढताना मात्र जीव मेटाकुटीला येतो. ही तक्रार अगदी रास्त आहे.

माद्रिद आणि लिस्बन या दोन शेजारी देशांच्या राजधान्या. त्यांना जोडणारी 'लुसितानिया' ही रात्रीची गाडी २०२० मध्ये करोनाच्या साथीत थांबली आणि साथ ओसरल्यावरही सुरू झाली नाही. आता रेल्वेनंच जायचं तर सीमेजवळच्या बादाहोसला गाडी बदलावी लागते. अलीकडचं तिकीट स्पेनच्या रेल्वेचं, पलीकडचं पोर्तुगालच्या. तोच प्रवास विमानानं करायचा तर सगळ्या कंपन्यांची भाडी एका पडद्यावर शेजारी-शेजारी दिसतात.

विमान कंपन्यांना हे जमलं, कारण त्यांनी वेळापत्रकं आणि भाडी फार पूर्वीच एकत्र आणली. एअर फ्रान्स, आयबेरिया, लुफ्थान्सा आणि एसएएस या एकमेकींच्या स्पर्धक, तरीही १९८७ मध्ये त्यांनी मिळून 'अमाडियस' ही आरक्षण यंत्रणा उभी केली. रेल्वे मात्र ज्या त्या देशाची. भाडं अंतरावर ठरत होतं तोवर निभावलं. पुढे गाडीगणिक, दिवसागणिक भाडी बदलू लागली. प्रत्येक रेल्वेचं ॲप वेगळं, सवलतीचं कार्ड वेगळं, आरक्षण खुलं होण्याची मुदतही वेगळी. स्वस्त काय, सोयीचं काय, हे प्रवाशानंच जुळवत बसायचं.

पण माझ्या मते खरा प्रश्न तिकीट काढून झाल्यावर सुरू होतो. पहिली गाडी उशिरा पोहोचली आणि पुढची चुकली, तर काय? युरोपीय संघाचा प्रवासी हक्कांचा नवा कायदा जून २०२३ पासून लागू आहे. तासाहून अधिक उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांहून अधिक उशिराला ५० टक्के भरपाई, असा त्यातला साधारण नियम. संपूर्ण प्रवासाचं सलग तिकीट असेल, तर चुकलेल्या गाडीची जबाबदारीही रेल्वेवर येते. दोन सुटी तिकिटं असतील, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडू शकतात. म्हणजे कायदा आहे, पण त्याचं पूर्ण संरक्षण नेमकं सीमेवर सुटतं.

आपल्याकडे एकच रेल्वे असूनही दोन आरक्षणांचा हा प्रश्न होताच. एप्रिल २०१९ पासून भारतीय रेल्वेनं दोन पीएनआर जोडण्याची सोय दिली. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे नियमानुसार परत मिळतात. सोय मर्यादित आहे, पण उशिराचा भुर्दंड प्रवाशावर टाकू नये, हे तत्त्व त्यात मान्य झालं.

युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांनी जुलै २०२४ मध्ये आश्वासन दिलं, की युरोपभरच्या प्रवासाचं एकच तिकीट एकाच ठिकाणी घेता येईल आणि हक्कही संपूर्ण प्रवासाला मिळतील. या वाक्याचा उत्तरार्ध मला अधिक मोलाचा वाटतो. नुसतं देखणं ॲप काढून दोन सुटी तिकिटं एकत्र विकली, तर गैरसोय फक्त झाकली जाईल.

तोवर तिकडे जाणाऱ्यांनी एवढं करावं: शक्य असेल तिथे संपूर्ण प्रवासाचं सलग तिकीट घ्यावं. पैसे भरण्याआधी ते सलग आहे की सुटं, हे वाचावं. सुटं असेल तर दोन गाड्यांमध्ये भरपूर वेळ ठेवावा आणि दिवसाची शेवटची गाडी टाळावी. रेल्वे कंपन्यांना मात्र एवढंच सांगणं आहे: तिकीट एकत्र विकता, तर जबाबदारीही एकत्र घ्या.