ओटीपी कोणाच्या खिशात?

२०२५ चा पावसाळा सरता सरता नालासोपाऱ्याच्या आमच्या वस्तीत बायकांची एकच धांदल उडाली होती, लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची. १८ सप्टेंबरला शासनाचा आदेश निघाला होता, मुदत दोन महिन्यांची. एका संस्थेने आपल्या कार्यालयातला संगणक दुपारी वापरायला दिला, पण पान काही उघडेना. “सरकारी काम, असंच असायचं,” म्हणत चौघी परत गेल्या. कामावरचा एक दिवसाचा खाडा पडला तो पडलाच.

मग एका कार्यकर्तीने तेच पान स्वतःच्या मोबाइलच्या नेटवर लावून पाहिले. उघडले की लगेच! म्हणजे खोट संकेतस्थळात नव्हती. बऱ्याच कार्यालयांतले संगणक थेट बाहेर जात नाहीत. मध्ये प्रॉक्सी सर्व्हर नावाचा दरवान असतो. कुठे जाऊ द्यायचे ते तो ठरवतो, नोंद ठेवतो, कधी जुनेच पान पुढे करतो. पडद्यावर ४०७ आकडा आला तर दरवान नाव आणि पासवर्ड मागतो आहे. ४०३ म्हणजे मनाई (कोणाची, ते विचारून घ्यावे लागते). ५०४ म्हणजे पलीकडून वेळेत उत्तर आले नाही. मैत्रिणींनो, एवढे आपल्याला ठाऊक हवे, कारण “तुला जमत नाही” असे बाईला सांगायला सगळे टपलेलेच असतात. मात्र फुकटच्या प्रॉक्सी संकेतस्थळावरून जा, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. तिथे भरलेला आधार क्रमांक त्याचा मालक वाचू शकतो.

सेटिंग बदलली, पान उघडले. पुढे मागणी आली: पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक भरा, त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरा.

“ताई, तो सहा वर्षं झाली सोडून गेला. बाप वारला. आता कोणाला फोन लावू?”

आम्ही गप्प.

योजनेच्या २०२४ च्या निर्णयात परित्यक्ता पात्र आहेत. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. विधवा आणि घटस्फोटित बहिणींना मृत्यूचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश देण्याची वाट मिळाली. पण नुसती टाकलेली बाई कोणता कागद आणणार? १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली होती. नवऱ्याच्या नावावाचून तिची नोंद व्हावी, रेशनकार्ड तिचे वेगळे असावे, यासाठी चळवळ किती वर्षे झगडली! आणि आज तोच नवरा ओटीपी होऊन पुन्हा दारात उभा.

कुटुंबाचे उत्पन्न तपासायचे तर पतीची माहिती लागणार, हे आम्हाला कळते. पण दरमहा १५०० रुपये तिच्या खात्यात आणि किल्ली त्याच्या खिशात, हे आम्हाला मान्य नाही. अर्जाच्या वेळी तिचे स्वतःचे हमीपत्र चालले होते. परित्यक्तेच्या बाबतीत इथेही ते चालावे, आणि खात्री अंगणवाडी सेविकेच्या घरभेटीने व्हावी.

वसई-विरारमधल्या ज्या बहिणींचे काम या पायरीवर अडले, त्यांनी तारीख आणि पडद्यावर आलेला मजकूर वहीत उतरवून आमच्याकडे आणावा. निवेदनाला तो जोडायचा आहे.