‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे

समजा, रेणापूरहून एक आजी सकाळच्या एसटीने लातूरच्या मोठ्या रुग्णालयात आल्या. केसपेपरच्या खिडकीवरचा कर्मचारी नाव टाकून पाहतो आणि सांगतो, ‘‘आजी, तुमची जुनी नोंद दिसत नाही.’’ मग नवा नंबर, नवा केसपेपर. पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची नोंद मात्र जुन्या नंबरावरच राहते. आदल्या रात्री सर्व्हर आणि त्यावरचा डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेला असेल, तर असे खरोखर घडू शकते.

डेटाबेस हे नोंदींचे कपाट. शोध लवकर लागावा म्हणून त्यात अक्षरांच्या क्रमाने लावलेली सूची असते. तिला इंडेक्स म्हणतात. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत घटकाच्या २.२८ आवृत्तीत हा अक्षरक्रम बदलला. नव्या लिनक्सवर गेलेल्या अनेक पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जुनी सूची नव्या क्रमाशी जुळेना. नोंद कपाटात असते, पण शोधात येत नाही. उपाय एकच, सूची नव्याने बांधणे.

इतर लक्षणांची कारणेही वेगवेगळी. पोस्टग्रेसमध्ये १७ व्या आवृत्तीपर्यंत अपग्रेड करताना नोंदींची अंतर्गत आकडेवारी सोबत येत नसे. ती ‘अ‍ॅनालाइझ’ या आज्ञेने पुन्हा तयार होईपर्यंत शोध रेंगाळतो आणि खिडकीपुढची रांग वाढते. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीत पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धत बदलली, त्यामुळे जुने सॉफ्टवेअर जोडलेच जात नाही, असेही होते. अशा वेळी सर्व्हर नुसता बंद-चालू करत राहणे म्हणजे निदान न करता तापाला पॅरासिटामॉल देत राहणे.

म्हणून अपग्रेडच नको, हे उत्तर नव्हे. जुन्या आवृत्तीला ठरावीक मुदतीनंतर सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा कारभार अनेक दिवस कागदावर चालला. हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलच्या नोंदी परत मिळाल्या. बॅकअप किती मोलाचा, हे तेव्हा दिसले.

शस्त्रक्रियेनंतर टाके घातले की काम संपत नाही. रुग्ण देखरेखीखाली राहतो. सर्व्हरलाही तोच नियम हवा. आधी बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. अपग्रेड सोमवारच्या गर्दीच्या तोंडावर करू नये. त्यानंतर ओपीडी, प्रयोगशाळा आणि औषध खिडकी, तिन्हीकडे काही जुन्या रुग्णांच्या नोंदी शोधून खात्री करावी. पहिला आठवडा कागदी रजिस्टर हाताशी ठेवावे. नाव सापडले नाही, तर मोबाइल नंबर आणि जुन्या केसपेपरवरून शोधल्याशिवाय नवा नंबर देऊ नये.

आणि इंजेक्शन देण्यापूर्वी अ‍ॅलर्जीबद्दल तोंडी विचारावेच, पडद्यावर काहीही दिसो. जुना केसपेपर पिशवीत जपून आणणाऱ्या आजींना कोणी हसू नये.