तार गेली, तारेचा कायदा राहिला

भारतातील तारसेवा २०१३ सालच्या जुलै महिन्यात बंद झाली, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. अखेरच्या दिवशी तारघरांपुढे रांगा लागल्या आणि नातवंडांच्या नावाने आठवणीदाखल तारा धाडल्या गेल्या. ज्या तारेच्या नुसत्या आगमनाने खेड्यातील घरात रडारड सुरू होई, तिला जनतेने असा प्रेमाने निरोप दिला. परंतु त्या हळव्या वातावरणात एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी आली नाही. तार गेली, पण १८८५ साली ब्रिटिशांनी केलेला तारेचा कायदा गेला नाही. त्यानंतरही कित्येक वर्षे याच कायद्याच्या आधारे दूरध्वनीवरील संभाषणे ऐकली जात होती आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील इंटरनेट बंद केले जात होते. साधन मेले तरी त्याच्यावरील हुकमत जिवंत राहिली. दूरसंदेशवहनाचा इतिहास वेगाचा इतिहास म्हणून सांगण्याची प्रथा आहे. वस्तुतः संदेश कोणी धाडायचा, कोणाच्या परवानगीने धाडायचा आणि तो वाटेत कोणी उघडून पाहायचा, या प्रश्नांचाही तो इतिहास आहे.

या इतिहासाचा प्रारंभच राजाज्ञेने होतो. प्राचीन इराणी साम्राज्यात सार्दिस ते सूसा असा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा राजमार्ग होता. त्यावरील शंभराहून अधिक ठाण्यांचा उल्लेख ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने केला आहे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने तुघलकाच्या डाकव्यवस्थेचे मोठे रसाळ वर्णन लिहून ठेवले आहे. मैलाच्या प्रत्येक तृतीयांशावर हरकाऱ्यांचे ठाणे असे. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात तांब्याच्या घुंगरांची काठी असे. घुंगरांचा आवाज कानी पडताच पुढचा हरकारा कंबर कसून तयार राही. सिंधहून दिल्लीस येण्यास प्रवाशाला पन्नास दिवस लागत, पण वार्ता पाच दिवसांत पोचे. याच वाटेने सुलतानासाठी खुरासानची फळे येत आणि त्याचा मुक्काम दौलताबादेस असता चाळीस दिवसांच्या अंतरावरून गंगेचे पाणीही येई. मात्र त्या वाटेलगत राहणाऱ्या कुणब्याला आपल्या लेकीची खुशाली विचारायची असेल, तर ही डाक त्याच्या उपयोगाची नव्हती. ती सुलतानाचा कान होती, रयतेची जीभ नव्हती.

तरीही सत्तेची वाट हीच नेहमी सर्वांत वेगवान असते असे नाही. पानिपतच्या संहाराची वार्ता महाराष्ट्राच्या काळजात कायमची रुतून बसली आहे. १७६१ सालच्या जानेवारीत उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ती वाटेतच कळली, आणि तीही सरकारी जासुदाकडून नव्हे तर सावकारी पेढीच्या सांकेतिक पत्रातून. ज्यांचे पैसे हुंडीच्या रूपाने देशभर फिरत होते, त्या सावकारांनी बातमीचे स्वतःचे जाळे विणले होते. दरबाराआधी बाजाराला बातमी कळते, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

बाजाराची ही चपळाई सत्तेला कशी झोंबते, याचे अस्सल उदाहरण फ्रान्समध्ये सापडते. राज्यक्रांतीच्या धामधुमीत क्लोद शाप या संशोधकाने टेकड्यांवर आणि मनोऱ्यांवर हलते लाकडी बाहू बसवून दृक्-तारायंत्र सिद्ध केले. १७९४ साली पॅरिस ते लील हा मार्ग सुरू झाला. एका ठाण्यावरील खूण दुर्बिणीतून पाहायची आणि ती पुढच्या ठाण्यासाठी जशीच्या तशी दाखवायची, एवढीच त्यातील युक्ती. ही यंत्रणा संपूर्णपणे सरकारी होती. तथापि १८३४ च्या सुमारास बोर्दो येथील ब्लाँ बंधूंनी तूर येथील तार-कर्मचाऱ्याला लाच देऊन वश केले. सरकारी संदेशात ठरावीक चूक घुसवून पॅरिसच्या रोखेबाजाराचा कल ते इतरांच्या आधी जाणून घेत. दोन वर्षे हा उद्योग बिनबोभाट चालला. तो उघडकीस आला तेव्हा असे दिसून आले की, त्यांना शासन करण्याजोगा कायदाच अस्तित्वात नाही. फ्रेंच सरकारने १८३७ साली तत्परतेने कायदा केला आणि परवानगीवाचून दूरवर संकेत धाडणे हाच गुन्हा ठरवला. सर्वसामान्य फ्रेंच नागरिकाला तारेचा दरवाजा उघडण्यास त्यानंतर आणखी चौदा वर्षे लागली. निमित्त दोन भामट्यांचे झाले आणि दरवाजा बंद झाला साऱ्या राष्ट्राला. अपवादात्मक गुन्ह्याकडे बोट दाखवून सर्वांसाठी निर्बंध आणण्याची ही रीत पुढे अनेक देशांनी आपलीशी केली.

हिंदुस्थानात विजेची तार आली तीही राज्यकर्त्यांच्या गरजेपोटी. विल्यम ओशॉनेसी हा कलकत्त्याचा डॉक्टर व रसायनशास्त्राचा प्राध्यापक. त्याने १८३९ साली स्वतःच्या उत्साहाने वीस मैलांहून लांब तारेवर प्रयोग करून दाखवले. कंपनी सरकारने दहा-बारा वर्षे त्यांच्याकडे दुर्लक्षच केले. डलहौसीला मात्र या यंत्राचे मर्म कळले. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. मार्च १८५४ मध्ये आग्र्याहून कलकत्त्यास पहिला संदेश गेला आणि लवकरच मुंबई व मद्रासही जोडली गेली. या कामी ओशॉनेसीचे साहाय्यक शिवचंद्र नंदी यांच्यासारख्या एतद्देशीयांनी अपार कष्ट घेतले. १८५५ च्या फेब्रुवारीत ही तार पैसे मोजणाऱ्या जनतेसाठी खुली झाली. परंतु तिचे खरे प्रयोजन दोन वर्षांतच प्रकट झाले. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत शिरत असताना दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला वार्ता गेली. ती पंजाबात पोचली आणि लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतील देशी पलटणींची शस्त्रे दोन दिवसांत काढून घेण्यात आली. या कामगिरीच्या स्मरणार्थ इंग्रजांनी १९०२ साली दिल्लीत खास स्मारक उभारले. उठावकऱ्यांनाही तारेची किंमत उमगली होती. ठिकठिकाणी त्यांनी खांब उखडले आणि तारा तोडल्या, कारण त्या तारांवर त्यांचा एक शब्दही कधी धावणार नव्हता.

यापुढचा टप्पा सागरतळाचा. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबईपासून एडनकडे केबल अंथरली आणि त्याच वर्षी मुंबई व इंग्लंड समुद्री तारेने जोडले गेले. आगबोटीच्या काळातही ज्या पत्राला आठवडे लागत, त्याचे काम आता तासांवर आले. मुंबईच्या कापूसबाजाराला लिव्हरपूलचे भाव ताजे कळू लागले. व्यापारी पेढ्या शब्दांचा खर्च वाचवण्यासाठी सांकेतिक शब्दांचे कोश बाळगू लागल्या. दुसरीकडे लंडनमधील भारतमंत्री व्हाइसरॉयच्या दैनंदिन कारभारात बोटे घालू लागला. १८८५ सालच्या कायद्याने तारेवरील मक्तेदारी सरकारकडे पक्की केली. ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ यांसाठी कोणाचाही संदेश अडवण्याचा आणि तो उघड करवून घेण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

याचा अर्थ दूरसंदेशाची साधने केवळ जुलमाचीच हत्यारे होती असा नव्हे. ज्या ज्या वेळी ती स्वस्त झाली, त्या त्या वेळी ती लोकांची झाली. १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर लागू झाला. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि पुढच्याच वर्षी मनिऑर्डर सुरू झाली. गिरणगावातील खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कोकणी चाकरमान्याचा संसार या दोन कागदांनी गावच्या घराशी बांधून ठेवला. ज्या माउलीला अक्षरओळख नव्हती, तिचेही पत्र पोस्टमन किंवा शाळामास्तर वाचून दाखवीत. वेगाने जे साधले नाही, ते पाव आण्याने साधले.

जेथे परवानगी नव्हती तेथे लोकांनी ती मागितलीही नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभारला. जागा बदलत बदलत त्यांनी सुमारे तीन महिने चळवळीचा आवाज जिवंत ठेवला. १२ नोव्हेंबर रोजी त्यांना अटक झाली. ज्या राज्यात विनापरवाना बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा होता, त्या राज्याला त्या छोट्या प्रक्षेपकाची भीती वाटली, यात नवल ते काय?

स्वराज्य आल्यावर हे सारे बदलायला हवे होते. प्रत्यक्षात कायदा तोच राहिला आणि साधनाचा तुटवडा पडला. दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे ताटकळणारा मध्यमवर्ग आणि ट्रंक कॉलच्या प्रतीक्षेत तासन्‌तास बसणारा व्यापारी यांच्या कहाण्या जुन्या पिढीला ठाऊक आहेत. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने देशी बनावटीची एक्स्चेंजे तयार केली. गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उभे राहिले. १९९५ साली मोबाइल आणि इंटरनेट दोन्ही भारतात सार्वजनिकरीत्या सुरू झाले. त्यानंतरच्या पाव शतकात कधी स्वप्नातही नव्हती एवढी वाणी सामान्य माणसाच्या खिशात आली.

त्या वाणीवरील सरकारी हक्काचे काय? १९८६ साली टपाल उघडण्याचा सरकारचा अधिकार वाढवणारे विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. १९९५ साली क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या वादात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. १९९६ साली त्याच न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकण्यावर बंधने घातली. सुमारे दीडशे वर्षांच्या मक्तेदारीला पडलेल्या या चिरा स्वागतार्ह होत्या. परंतु २०१७ साली १८८५ च्याच कायद्याखाली दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याचे नियम झाले. काश्मीरमध्ये २०१९ च्या ऑगस्टपासून सुमारे दीड वर्ष जलद मोबाइल इंटरनेट नव्हते. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले की, अशी बंदी बेमुदत असू शकत नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. हा प्रश्न काही सरहद्दीपुरता नाही. महाराष्ट्रातही अमरावतीत २०२१ साली आणि कोल्हापुरात २०२३ साली दंगलीच्या निमित्ताने इंटरनेट बंद झाले होते.

दंगलीच्या वेळी अफवा पसरतात आणि अफवांनी माणसे मरतात, हे कोणीही नाकारणार नाही. शासनाला हातावर हात ठेवून बसता येत नाही, हेही मान्य. परंतु आज इंटरनेट बंद होते तेव्हा केवळ अफवा थांबत नाहीत. भाजीवालीच्या हाती येणारे पैसे थांबतात, विद्यार्थ्याचा अर्ज अडतो आणि लेकराची खुशाली कळत नाही. अफवेला उत्तर देणारी खरी बातमीही त्याच क्षणी गप्प होते. ब्लाँ बंधूंपायी साऱ्या फ्रान्सचे तोंड बांधण्याचाच हा प्रकार होय.

१८८५ च्या कायद्याची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आणि २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला. वसाहतीचे जोखड उतरले म्हणून त्याचा गौरव झाला. परंतु ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि ‘सार्वजनिक सुरक्षितता’ हे जुनेच शब्द त्यात पुन्हा दिसतात. बंदी घालणारे सचिव आणि त्या बंदीची छाननी करणारेही सचिवच, ही व्यवस्थाही चालूच आहे. आपणच फिर्यादी, आपणच न्यायाधीश, असा हा मामला. एका बंदीची मुदत पंधरा दिवसांपलीकडे जाऊ नये हा नियम चांगला आहे, पण मुदत संपताच नवा आदेश काढता येत असेल तर त्याचा उपयोग काय? छाननी समितीत न्यायाधीशाला स्थान हवे. प्रत्येक आदेश कारणांसह आणि वेळेवर प्रसिद्ध व्हायला हवा. बंदीचा परिघ शक्यतो गावाएवढा आणि अवधी तासांएवढा हवा. यातील एकही मागणी राज्यशकट मोडणारी नाही.

दुसरी सावधगिरी बाजाराविषयी बाळगावयास हवी. सागरतळाच्या केबली आजही मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. जगातील बहुतांश आंतरराष्ट्रीय संदेश अद्यापि त्याच वाटेने जातात, आकाशातून नव्हे. त्यांची मालकी आता बलाढ्य खासगी कंपन्यांकडे आहे आणि पत्रे वाचण्याची जी कामगिरी पूर्वी गुप्त पोलीस करीत, ती जाहिरातींच्या नावाखाली यंत्रे करीत आहेत. तेव्हा नागरिकाला सरकारकडून जसे संरक्षण हवे, तसे सावकारांकडूनही हवे.

इब्न बतूताच्या काळी रयत आपल्या दारावरून धावणाऱ्या हरकाऱ्याच्या घुंगरांचा नाद ऐके आणि पत्रात काय आहे हे तिला कधीच कळत नसे. आज पत्र रयतेचे स्वतःचे आहे. ते कोण थांबवू शकतो, कोण उघडू शकतो आणि त्याचा जाब कोणाला द्यावा लागतो, हे ठरवण्याचा अधिकारही रयतेचाच असला पाहिजे. तो नसेल तर वेग कितीही वाढो, डाक सुलतानाचीच राहील.