दातांच्या तारा आणि काळाचे भान



"वैद्यराज, मुलीच्या दातांच्या तारा किती दिवस ठेवायच्या? लवकर निघतील असे काही औषध द्या ना!" हा प्रश्न अलीकडे आपल्या चिकित्सालयांतही वरचेवर विचारला जातो. दंतवैद्यांपाशी वाटणारा संकोच कुटुंबाच्या वैद्यापाशी वाटत नाही. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर आपण तोलून द्यावयास हवे.

काही वर्षांपूर्वी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या वडिलांना आम्ही सहज बोलून गेलो, "वर्षभरात होऊन जाईल." त्या शब्दावर विसंबून त्यांनी बाराव्या महिन्यात आग्रहाने तारा काढवून घेतल्या. पुढचे दात सरळ दिसत होते. परंतु वरच्या-खालच्या दाढांचा मेळ बसला नव्हता. पुढे दातांत फटी पडल्या व तारा पुन्हा लावाव्या लागल्या. भुर्दंड त्या कुटुंबास पडला. दोष आमच्या जिभेचा होता.

स्थिर तारांच्या उपचारास लागणारा काळ २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात सरासरी सुमारे २० महिने आढळला. किरकोळ दाटी लवकर सुटते. दात काढावे लागल्यास वा हिरडीत अडकलेला सुळा जागी आणावयाचा असल्यास दोन वर्षेही अपुरी पडू शकतात.

याचे कारण अस्थीत आहे. तारेच्या सौम्य दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड शोषले जाते व दुसऱ्या बाजूस नवे तयार होते. ही गती महिन्याला साधारणतः १ मिलिमीटर असते. दाब वाढविल्याने ती वाढत नाही, उलट दातांची मुळे झिजण्याचे भय असते. सुश्रुताचार्यांनी अस्थिभग्न सांधण्यास तरुण वयात एक, मध्यम वयात दोन व वार्धक्यात तीन महिने सांगितले आहेत. दात सरकविणे हे भग्न नव्हे. तथापि अस्थिधातू आपल्याच गतीने चालतो, हे तत्त्व आपणास नवे नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, तारा लवकर काढविणारे चूर्ण वा गुटिका आपल्यापाशी नाही. ती असल्याचा आभास वैद्यांनी वा औषधालय चालकांनी निर्माण करू नये.

मात्र काळ विनाकारण लांबू नये, यासाठी आपण पुष्कळ करू शकतो. ठरलेली तारीख चुकवू नये, हे बजावावे. चिक्की, फुटाणे, सुपारी, दातांनी सोललेला ऊस वर्ज्य सांगावा. यांनी ब्रॅकेट निघतात. बोटाने लावलेले दंतमंजन तारांखाली पोहोचत नाही. दंतवैद्यांनी सांगितलेला ब्रशच वापरावा. तिळतेलाचा गंडूष ब्रशची जागा घेऊ शकत नाही. च्यवनप्राश, अवलेह वा गोड सिरप देताना नंतर दात घासण्याची सूचना अवश्य द्यावी, अन्यथा ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात. वेदनाशामक दंतवैद्यांस विचारूनच द्यावे.

तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला, असेही नव्हे. हिरडीतील तंतू स्थिरावण्यास कित्येक महिने लागतात. रिटेनर टाळल्यास दात मागे फिरतात.

चिकित्सेत काळाचे महत्त्व आपण शिकलो आहोत. रुग्णाने काळ विचारला असता त्यास खरा काळ सांगणे, हेही वैद्याचे कर्तव्यच होय.